स्कोपला मराठीत काय म्हणाल? व्याप्ती, आवाका की हद्द?

प्रश्न:
पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स मराठीत लिहितोय. स्कोपला (व्हेरिएबलचं नाव कोडमध्ये कुठे चालतं, त्याला) 'व्हेरिएबलची व्याप्ती' लिहिलं, फंक्शनपर्यंत चाललं पण, इन्क्लूडपाशी (दुसऱ्या फाइलमधला कोड आत आणून चालवणं) गाडी अडली. "इन्क्लूड केलेल्या फाइलमधल्या व्हेरिएबलची व्याप्ती" वाचून पोरं विचारतात, म्हणजे त्या फाइलपुरती का सगळीकडे? दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद:
आवाका?

प्रतिसाद:
आवाका नको हो. कामाचा आवाका, बुद्धीचा आवाका असतो. व्हेरिएबलचा आवाका म्हटलं की इंटिजरमध्ये केवढा आकडा मावतो तेच मनात येतं.

प्रतिसाद:
मी हद्द म्हणते. व्याप्तीत व्हेरिएबल कुठवर पसरलंय असं वाटतं, खरा प्रश्न असतो हे नाव कुठे ओळखलं जातं, पोलीस ठाण्याच्या हद्दीसारखं. आता पीएचपीत फंक्शनला स्वतःची हद्द आहे पण फाइलला नाही, म्हणजे ज्या ओळीवर इन्क्लूड लिहिलंय त्या ओळीची जी हद्द तीच आत आलेल्या फाइलची, बाहेर लिहिलंत तर ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनबाहेरची, आणि फंक्शनच्या पोटात लिहिलंत तर त्यातला $दर (समजा असं एक व्हेरिएबल) त्या फंक्शनपुरताच, फंक्शन संपलं की गेला. (हो, $दर असं देवनागरी नाव पीएचपीला खरंच चालतं.) पण त्याच फाइलमध्ये फंक्शन किंवा क्लास असेल तर तो मात्र ग्लोबलच होतो, इन्क्लूड कुठेही असो. आणि त्या फंक्शनच्या आत परत $दर दिसत नाही, ती नवी हद्द.

प्रतिसाद:
आणि महिरपी कंसाने हद्द पडत नाही हे पण लिहा, सी नाहीतर जावा करून आलेले तिथेच फसतात. पीएचपीत इफच्या आत तयार झालेलं व्हेरिएबल बाहेरही असतं.

प्रश्नकर्ता:
हद्द आवडला. मग हे सांगा, कॉन्फिगची फाइल दोन फंक्शनमध्ये इन्क्लूड-वन्स (एकदाच आत आणणारं इन्क्लूड) केलीय, पहिल्यात व्हेरिएबल मिळतात, दुसऱ्यात अनडिफाइन्ड. हे हद्दीने कसं समजावू?

प्रतिसाद:
सरळ आहे की. पहिल्या वेळी फाइल चालली ती पहिल्या फंक्शनच्या हद्दीत. दुसऱ्या वेळी 'वन्स' म्हणतं झालंय एकदा, नुसतं ट्रू परत देतं, फाइल चालतच नाही मग व्हेरिएबल येणार कुठून. कॉन्फिगच्या फाइलमधून अ‍ॅरे रिटर्न करा, साधं इन्क्लूड वापरा आणि ते $कॉन्फिग मध्ये घ्या, हद्दीचा घोळच नको. ग्लोबल लिहूनही भागतं पण नोट्समध्ये ते आधी शिकवू नका, पोरं सगळीकडे तेच लावत सुटतात.

प्रतिसाद:
वर्डप्रेसवाल्यांना (पीएचपीत लिहिलेली वेबसाइट बनवायची प्रणाली) पण ही हद्दच नडायची. थीममध्ये वर व्हेरिएबल भरलं आणि गेट-टेम्प्लेट-पार्ट या फंक्शनने थीमचा दुसरा तुकडा आणला की आत रिकामं, कारण खरं इन्क्लूड वर्डप्रेसच्या स्वतःच्या फंक्शनमध्ये होतं, तुमच्या फाइलमध्ये नाही. 2020 च्या 5.5 पासून तिसरा आर्ग्युमेंट म्हणून डेटा देता येतो.

प्रतिसाद:
पायथन भाषेतल्या इम्पोर्टला मात्र हे सगळं लावू नका, तिथे प्रत्येक मॉड्यूलला (म्हणजे फाइलला) स्वतःची नेमस्पेस, नावांची वेगळी यादी, असते. तिथे फाइलची हद्द म्हटलं तर बरोबर.

प्रश्नकर्ता:
हद्द फायनल. ग्लोबलला ग्लोबलच लिहितो. इन्क्लूडला 'समावेशन' सुचवणाऱ्यांनी कृपया थांबावं.