शब्दचर्चा: पतंगाच्या डोळ्याला मराठीत काय म्हणावं?

दांडियाबाजार:
आमच्या बडोद्याच्या वाचनालयात मुलांसाठी कीटकांचा तक्ता लावायचाय. 'कंपाउंड आय'ला संयुक्त नेत्र, त्यातल्या एकेका घटकाला नेत्रिका, इथवर जमलं. अडले ते 'ॲपोझिशन' आणि 'सुपरपोझिशन' या डोळ्याच्या दोन प्रकारांपाशी. पहिला बहुतेक फुलपाखरांचा: प्रत्येक नेत्रिका आपल्याच भिंगातून आलेला उजेड घेते. भोवतीचं रंगद्रव्य शेजारणीचा उजेड अडवतं. दुसरा, म्हणजे सुपरपोझिशन, रात्री उडणाऱ्या पतंगांचा: त्यांत भिंगं आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी यांच्यामध्ये मोकळी जागा असते, आणि शेकडो भिंगांतला उजेड एका ठिकाणी एकवटतो. 'अध्यारोपित नेत्र' लिहिलं तर दहा वर्षांचं मूल तक्त्यापुढे थांबेल का?

कमाटीबाग:
थांबेल. 'प्रकाशसंश्लेषण' म्हणणाऱ्या मुलाला हा शब्द जड नाही. आपण तर सयाजीरावांच्या गावचे. १९३१ साली इथे शासन शब्दकल्पतरू निघाला, कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी प्रतिशब्द देणारा. तेव्हा कुणी 'लोकांना कळेल का' म्हणून हात आखडला नाही.

जुनी_पाटी:
पण माझी हरकत 'संयुक्त'लाच आहे. संयुक्ताक्षरात अक्षरं एकमेकांत मिसळतात. फुलपाखराच्या हजारो नेत्रिका मिसळतात कुठे? एका वाड्यात राहून चुली वेगळ्या, असा तो संसार. एका चुलीवर शिजतं ते पतंगाकडे. म्हणून एक 'सवता डोळा', दुसरा 'एकवट डोळा'.

दांडियाबाजार:
'एकवट' फार आवडला. 'सवता'त मात्र मुलांना सवत ऐकू येईल.

रावपुरा_९:
सरळ दिवसडोळा आणि रातडोळा म्हणा की.

कमाटीबाग:
नाही चालणार. स्किपर फुलपाखरं भर उन्हात उडतात आणि त्यांचा डोळा सुपरपोझिशनचाच. शब्द सोपा करताना चुकीचा करू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि रातडोळा ऐकून मुलांना वाटेल की पतंगाला रंग दिसत नाहीत. २००२ साली प्रयोगात दिसलं की एलिफंट हॉक मॉथ नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही रंग ओळखतो. आपल्याला तेवढ्या उजेडात सगळं करडं दिसतं.

वहू_साताऱ्याची:
डोळ्याचं नंतर ठरवा, आधी 'पतंग' बदला. इथली मुलं पतंग वाचून उत्तरायणच आठवणार. लग्न होऊन बडोद्यात आले त्या पावसाळ्यात शेजारच्या बेनना म्हणाले, दिव्यावर पतंग फार आलेत. त्या बिचाऱ्या गच्चीवर बघायला गेल्या! मग मी 'पतंगियुं' म्हटलं, तर ते निघालं फुलपाखरू. मला हवं होतं ते 'फूदुं'. आता घरात मीही फुदंच म्हणते, आणि सासूबाईंना ते मुळीच खपत नाही.

जुनी_पाटी:
सासूबाईंचं बरोबर आहे. पतंग संस्कृतातून आलाय, 'पत्' म्हणजे उडणे आणि पडणेही. दिव्यावर उडून पडणाऱ्याला याहून नेमकं नाव कुठलं मिळणार? उडवायची वस्तू नंतर आली, तिने हे नाव घेतलं.

रावपुरा_९:
पण मुलाच्या कानात जे आधी शिरतं तेच त्याच्यासाठी आधीचं. चार पिढ्या गुजराती शेजारात काढल्यावर फुदं परकं कसं? आपण 'बेन' म्हणतोच ना?

जुनी_पाटी:
'बेन' हाक मारायला. तक्त्यावर मराठीच हवं. माझ्या कोकणातल्या आजोळी पाकोळी म्हणत, तो घ्या.

वहू_साताऱ्याची:
अहो, पाकोळी तर पक्षी! आमच्याकडे जुन्या देवळाच्या कमानीखाली घरटी करायच्या त्या.

दांडियाबाजार:
तक्ता रविवारी लावायचाय. सध्या 'एकवट डोळा' लिहून खाली बारीक अक्षरांत 'अध्यारोपित नेत्र' घातलंय. फुलपाखराच्या डोळ्याखालची जागा कोरीच आहे. कुणी सुचवता का?

जुनी_पाटी:
@वहू_साताऱ्याची, आजोळी दोघांनाही पाकोळीच म्हणत. कंदिलाभोवती घिरट्या घालायची तीही पाकोळी. मावशीला आज फोन करून पक्कं विचारतो.