धोबी पक्षी लवकर आला म्हणजे थंडी कडक, हे खरं असतं का?

द्राक्षवाली_सूनबाई
नमस्कार मंडळी, आमची निफाडच्या जवळ अडीच एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. फळछाटणी होऊन गेली. काल सासरे ओट्यावर बसून म्हणाले, यंदा थंडी हाडं फोडणार, कारण धोबी पक्षी लवकर आलाय आणि बांधावरच्या गवतात कोळ्याची जाळी दवाने नुसती ओथंबलीयेत. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण त्यांनी बागेत ऊब धरायला शेकोट्यांसाठी जळणाच्या दोन ट्रॉल्या सांगून टाकल्या!! मिस्टर म्हणतात मोबाईलवर बघू ना आयत्या वेळी. घरात दोन दिवस अबोला चाललाय. कोणाला अनुभव आहे का?

हापूसवाला
ताई, पक्ष्याचं माहीत नाही पण वाऱ्याचं मी सांगतो. माझी आजी पहाटे पडवीत येऊन गालाला वारा लावून बघायची. मतलई सुटला (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा गार वारा) की म्हणायची, आता पालवी थांबेल, मोहोर धरेल. आणि ते बरोबरच आहे, आंब्याच्या कलमाला थंडीचा ताण बसला की मोहोर येतो. फक्त थंडी फार लांबली की फळं धरलेल्या फांदीलाच परत मोहोर येतो आणि वाटाण्याएवढी कैरी गळून जाते, तेव्हा आजीचा वारा काय कामाचा नाही, नुसतं खाली पडलेलं बघत बसायचं

ओहायोतला_मराठी
हे वाचून हसू आलं कारण इकडे पण सेम आहे. ऑक्टोबरात रस्त्यावर एक केसाळ सुरवंट दिसतो, दोन्ही टोकं काळी आणि मधे तांबूस पट्टा. तांबूस जास्त तर हिवाळा सौम्य, काळा जास्त तर मरा. व्हर्मिलियन नावाच्या गावात तर त्याची जत्रा भरते, सुरवंटांची शर्यत लावतात, आम्ही पोरांना घेऊन गेलो होतो. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियममधल्या करन नावाच्या कीटकतज्ज्ञाने सुरवंट गोळा करून पट्टे मोजले होते, तेव्हापासून पेपरवाल्यांनी हे प्रकरण उचललं. पण मोजलेले सुरवंट अगदी थोडे. खरं म्हणजे सुरवंट जसा मोठा होतो, कात टाकतो तसा मधला पट्टा वाढत जातो, म्हणजे तो झालेल्या दिवसांचा हिशोब सांगतो, येणाऱ्या नाही. शेजारच्या आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले मग तू बर्फ काढायचं फावडं कशाला आणलंस

कृषी_पदवीधर
ओहायोवाल्यांचा मुद्दा इथेही लागू होतो. धोबी येतो उत्तरेकडून, हिमालय आणि त्याच्याही पलीकडून. तो कधी निघाला हे तिकडचं गणित, निफाडला जानेवारीत काय होणार ते त्याला कुठून कळणार. दवाचं पण तेच, भरपूर दव म्हणजे काल रात्री आभाळ निरभ्र होतं आणि वारा पडलेला होता, एवढंच.
पण सासऱ्यांना खोटं पाडू नका हं. एकदोन दिवसांचा अंदाज अशा खुणांवरून चांगला येतो. आभाळ आलं की रात्र उबदार जाते, कारण जमिनीची उष्णता ढग अडवतात. तेच आभाळ फुटलं, उत्तरेचा वारा आला आणि संध्याकाळी वारा पडला की दुसऱ्या पहाटे पारा घसरलाच समजा. मण्यात पाणी उतरायच्या वेळेला असं झालं तर मणी तडकतात, पिंक बेरी येते (हिरवे मणी गुलाबी पडतात). तेव्हा पहाटे विहिरीचं पाणी सोडा, ते हवेपेक्षा कोमट असतं. जळण पडून राहिलं तरी कुजत नाही, पण दोन ट्रॉल्या जास्तच झाल्या.

द्राक्षवाली_सूनबाई
सगळ्यांचे आभार 🙏 एक ट्रॉली कॅन्सल केली. मिस्टरांनी बागेत तापमापक लावलाय, रोज पहाटे ते आकडा वहीत लिहितात. सासरे त्यांच्या आधी उठून ओट्यावरूनच ओरडतात, "आज सात!" आज साडेसात निघालं. अबोला सुटलाय, आता पैज लागते.