पाच वर्षांच्या मुलाला आज्जी गेल्याचं कसं सांगावं?

प्रश्न
काल सासूबाई वारल्या. घरच्यांनी मुलाला "आज्जी गावाला गेली" असं सांगितलंय, तो सारखा दाराकडे बघतोय. उद्या सकाळी पंचगंगेवर रक्षाविसर्जन आहे. त्याला न्यावं का? आणि खरं कसं सांगू?

उत्तर १
ताई, 'गावाला गेली' हे आजच मागे घ्या. गावाला गेलेलं माणूस परत येतं, म्हणून तो वाट बघत राहणार. तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी जवळ घेऊन एवढंच सांगा: "आज्जी वारली. तिचं शरीर बंद पडलं. ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, काही दुखत नाही. ती परत येणार नाही." मग गप्प बसा, त्याला विचारू द्या. 'झोपली' म्हटलं की पोरं झोपायला घाबरतात, 'देवानं नेलं' म्हटलं की देवाला. नुसतं 'आजारी होती' म्हणाल तर स्वतःला ताप आला की धसका घेतात. "तुला येतो तसला ताप नव्हे, फार मोठा आजार" असं सांगा. तोच प्रश्न दहादा येईल, दरवेळी त्याच शब्दांत उत्तर द्या.

उत्तर २
न्यायला हरकत नाही, पण त्याला विचारून. आज रात्रीच सांगून ठेवा: तिथं राख असेल, फुलं असतील, मोठी माणसं रडतील. दहनाचं सांगताना क्रम चुकवू नका. 'शरीराला आता दुखत नाही' हे आधी पक्कं झालं पाहिजे, नाहीतर आज्जीला चटके बसले असं तो धरून बसेल. विधीत नसलेलं एखादं माणूस, मामा किंवा मावशी, फक्त त्याच्यासाठी ठेवा, म्हणजे घाबरला तर अर्ध्यातून घरी आणता येईल.

सगळ्यात जपायचं ते कावळ्याचं. निवद शिवायला वेळ लागला की कुणीतरी म्हणतंच, "म्हातारीची काय तरी इच्छा राहिली." पाच वर्षांचं पोर त्याचा अर्थ 'आज्जी माझ्यावर रागावली' असा काढतं. पाहुण्यांना आजच बजावून ठेवा.

उत्तर ३
आपल्या हट्टामुळं माणूस गेलं असं या वयात वाटतं आणि मुलं ते बोलत नाहीत. त्यानं विचारलं नाही तरी "तुझ्यामुळं काही झालेलं नाही" हे सांगाच. घडीत रडेल, घडीत खेळेल, त्यावरून बोलू नका. अंथरूण ओलं करणं, आईला न सोडणं काही आठवडे चालतं. जेवणाझोपेच्या वेळा मोडू नका, बालवाडीच्या बाईंना कळवा. दोनेक महिन्यांनीही खाणं-झोप सुरळीत होईना, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून मोफत बोलता येतं.

प्रश्नकर्ती
आत्ताच सांगितलं. लगेच विचारलं, "आई, तू पण मरणार?"

उत्तर १
"कधीच नाही" म्हणू नका. "सगळी माणसं कधीतरी मरतात. मी खूप वर्षं तुझ्याबरोबर असेन असं मला वाटतं, आणि तुला सांभाळायला बाबा आहेत, मामा आहे." नावं घेऊन सांगा. त्याला खरं विचारायचं असतं ते हेच, मला कोण बघणार.