शिवायला घेतलं आणि फसलं: तुमचं नेमकं कुठे बिनसलं?

मशीन नवं, हौस दांडगी आणि पहिलाच कपडा कपाटाच्या तळाशी, अशा सगळ्यांसाठी हा चर्चेचा धागा. एकच विनंती: नुसतं "बिघडलं" म्हणून सोडू नका, कुठल्या पायरीवर बिघडलं तेही लिहा. माझा अंदाज असा की बरेचसे घोटाळे मशीनवर बसायच्या आधीच होऊन गेलेले असतात. खोटा ठरवा.

सुरुवात मीच करते. अस्तर लावलेला सुती कुर्ता. कापड न धुताच कापलं. अंगावर बसला छान, पण पहिल्या धुण्यात आटला. सुती कापड शेकडा 3 ते 5 सहज आटतं, म्हणजे मीटरभर उंचीत 3 ते 5 सेंटीमीटर गेले. तेही चाललं असतं, पण मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) आवळला आणि हात वर जाईना. अस्तर कृत्रिम धाग्याचं, ते तसूभरही आटलं नाही आणि घेराखालून डोकावायला लागलं. आता कापड आणि अस्तर दोन्ही धुऊन, इस्त्री करूनच कात्री लावते.

*

अंदाज बरोबर आहे, माझंही कापतानाच गेलं. गळ्याची रुंदी. कापड दुहेरी घडीवर होतं आणि मी रुंदी अर्धी न करता पूर्ण आखली. उलगडलं तर खांदेच गायब! शेवटी गळ्याला पट्टी लावून इलॅस्टिक ओवलं. चुणीदार गळ्याचं कौतुक झालं, मी गप्प बसले.

*

दोन्ही बाह्या डाव्या. बाहीची पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खोलगट कापतात, हे माहीत होतं. पण कापड कमी म्हणून एकेक बाही सुटी कापली आणि कागदी साचा दोन्ही वेळा एकाच बाजूने ठेवला. साधं दोन्हीकडून सारखं दिसणारं कापड असतं तर एक बाही उलटी करून लावता आली असती. माझं छापील होतं. आता साच्यावरच पुढच्या बाजूला एक खाच आणि मागच्या बाजूला दोन खाचा असतात.

*

मी पायजमा शिवायला बसलो आणि स्कर्ट घेऊन उठलो.

हसू नका, अगदी सरळ तर्काने झालं. दोन पायांचे दोन तुकडे. समोर समोर ठेवले, ज्या कडा जुळल्या त्या जोडल्या. आसनाच्या (दोन पायांमधल्या) गोलाईपर्यंत ठीक होतं, पण मी न थांबता तसाच खाली गेलो आणि डाव्या पायाची आतली कड उजव्या पायाला शिवून टाकली. पाय घालायला जागा एकच! खरं तर प्रत्येक पायाची आतली शिलाई त्याच पायाशी आधी करायची, मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घालायचा आणि आसनाची गोलाई एका दमात शिवायची. वाचून मला कधीच कळलं नसतं, उसवताना कळलं. आसनाला दुहेरी टीप घाला, ताण तिथेच येतो.

*

हा चर्चेचा धागा काढणाऱ्या ताईंशी असहमत. माझं कापणं चोख होतं, मशीननेच छळलं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता. गुंता खाली म्हणून मी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू पिळत बसले, आणि दोष वरच्या दोऱ्याचा होता. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली असताना दोरा ओवला की तो दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करा, परत ओवा, चिंधीवर टीप घालून बघा. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

*

टी-शर्टचं ताणणारं कापड, साधी सुई, सरळ टीप. टाके सुटत होते तरी रेटलं. डोक्यातून घालताना गळ्याची शिलाई कटकट तुटली. अशा कापडाला बोथट टोकाची बॉलपॉइंट सुई आणि अरुंद झिगझॅग.

*

उरेब (तिरपा) कापलेला घेरदार फ्रॉक, शिवल्या शिवल्या खालची दुमड घातली. हँगरवर टांगला तर काही दिवसांत घेर दोन बाजूंनी लोंबला. तिरपं कापड स्वतःच्या वजनाने ओघळतं. आधी रात्रभर टांगायचं, मग जमिनीपासून मोजून कड सारखी करायची, दुमड त्यानंतर. (हे कापताना की शिवताना? वाट बघताना म्हणा.)

*

मखमलीच्या पडद्यांची जोडी. कापड एकच, तरी एक पडदा गडद आणि एक फिकट दिसतो. लव उलटसुलट दिशेला गेली हे आता कळलं. काही उपाय?

*

पडदे आहेत म्हणून सुटलात. एकाची वरची पट्टी आणि खालची दुमड उसवा आणि वरचं खाली करून टांगा. जुन्या टाक्यांच्या खुणा मखमलीवर राहतात, तेव्हा नवी दुमड थोडी मोठी घेऊन त्या आत घ्या. कोट असता तर नवीन कापड आणावं लागलं असतं.