कृष्णा खोऱ्यातील पूरनिधी: वाटणी जिल्ह्यानुसार की पाण्यानुसार?

शिरोळकर:
जागतिक बँकेच्या साहाय्याने कृष्णा खोऱ्यात पूरनियंत्रणाची कामे व्हायची आहेत, आणि त्यांचा विषय निघाला की सातारा, सांगली, कोल्हापूर यांपैकी कोणाच्या पदरात किती पडले, याचाच हिशेब आधी मांडला जातो. माझ्या मते हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, तिचे पाणी मागे चढते आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याची गावे दोन्ही नद्यांच्या कचाट्यात सापडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, सांगलीत आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांच्या पुढे होते, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच जुलै २०२१ चा पूर आला.

आमच्या सोप्याच्या भिंतीवर वडिलांनी २००५ च्या पुराची खूण म्हणून खिळा ठोकला होता. २०१९ चे पाणी त्या खिळ्याच्या हातभर वर होते. शेतात शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसून उभा ऊस कुजला, आणि तो तोडून बाहेर काढण्याचा खर्चही आम्हालाच करावा लागला. म्हणून मागणी एवढीच आहे की गाव किती दिवस पाण्याखाली राहिले, हे निधीचे पहिले माप असावे. ते गाव कोणत्या जिल्ह्यात आहे हा प्रश्न नंतरचा.

पाटणचा वाचक:
आपली व्यथा मान्य आहे, परंतु आपले माप आमच्यावर अन्याय करणारे आहे. जुलै २०२१ मध्ये याच पावसात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. तेथे पाणी आठवडाभर साचून राहिले नाही. जे गेले ते काही तासांत मातीखाली गेले. दिवस मोजायचे ठरवले तर या गावांच्या नावापुढे शून्यच लिहावे लागेल.

दुसरे असे की १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे कोयना धरण आमच्या तालुक्यात आहे आणि त्याच्या जलाशयासाठी आमच्याच लोकांनी गावे सोडली. धरणाने पाणी अडवले नाही तर खाली काय होईल हे आपण जाणता. डोंगरउतारांवरील मृदसंधारण आणि धोक्यातील वस्त्यांचे पुनर्वसन यांवरचा खर्च हाही नदीवरचाच खर्च आहे, तो वरच्या तालुक्यांवर केलेला उपकार नव्हे.

जतचा शेतकरी:
पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याचे काम याच कार्यक्रमात सांगितले जाते, तेव्हा सांगली जिल्ह्यातील आमच्या जतसारख्या, पूर कधीच न येणाऱ्या भागाचाही या निधीवर हक्क आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन (पाण्याची पाळी) कधी सुटेल याकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला बुडालेल्या दिवसांचे माप लावणार तरी कसे?

सांगलीकर:
मी शिरोळकरांशी पूर्णपणे असहमत आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असली तरी सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर येथील कुटुंबे त्याच्या कितीतरी आधी, भांडी आणि अंथरूण डोक्यावर घेऊन शाळांमध्ये राहायला जातात. दाट वस्तीच्या शहरात एक फूट पाणी वाढले की हजारो घरांचा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे लोकसंख्या वगळून केलेले कोणतेही माप मला मान्य नाही. शिवाय जिल्ह्याचा वाटा ठरलेला असला की पालकमंत्र्यांना आणि आमदारांना जाब विचारता येतो. खोऱ्याच्या नावाने सगळे एकत्र केले की निर्णय मुंबईत होतात, आणि काम रखडले तर कोणाचे दार ठोठावायचे हे कोणालाच ठाऊक नसते.

शिरोळकर:
पाटणच्या मुद्द्यावर मी माझे म्हणणे सुधारतो. दरडीच्या धोक्यातील वस्त्यांसाठी वेगळी रक्कम आधीच बाजूला काढावी आणि तिला बुडालेल्या दिवसांचे माप लावू नये. जतचा हक्कही मी नाकारत नाही, मात्र पाणी वळवण्याच्या कामाला वर्षे लागतील आणि आमच्याकडे पाणी पुढच्या पावसाळ्यातही येऊ शकते, म्हणून क्रम आमचा आधी लागावा.

सांगलीकरांना मात्र एक विचारतो. आपल्या वाट्याच्या पैशातून शहराला संरक्षक भिंत बांधली, तर तेथे अडलेले पाणी कोठे जाणार? तसेच कोल्हापूरजवळ शिरोली येथे महामार्गाचा भराव काढून कमानी केल्या, तर कोल्हापूर शहराला दिलासा मिळेल, पण तेच पाणी अधिक वेगाने आमच्या अंगावर येईल. हा भराव काढावा असेच माझे मत आहे. परंतु त्या कामाच्या अंदाजपत्रकात नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि खिद्रापूरपर्यंतच्या परिणामांचा खर्च धरल्याशिवाय त्याला मंजुरी मिळू नये. जिल्ह्याच्या वाट्यातून हा खर्च कोण धरणार, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

सांगलीकर:
भिंतीविषयीचा आक्षेप रास्त आहे. खालच्या गावांवर होणारा परिणाम तपासून, तो अहवाल मराठीत ग्रामसभांपुढे ठेवल्यावरच भिंतीचे काम सुरू व्हावे, यास माझी संमती आहे. जिल्ह्याचा वाटा सोडण्यास नाही.