पशुधनात गोवंशाचा वाटा ५३ वरून ३६ टक्क्यांवर: घटली गाय की बैल?

गव्हाण (धागाकर्ता)
१९५१ च्या पशुगणनेत देशात सुमारे २९.३ कोटी जनावरं होती. त्यातला गोवंश १५.५ कोटी, म्हणजे ५३ टक्के. २०१९ च्या विसाव्या गणनेत ५३.६ कोटींपैकी १९.२५ कोटी, म्हणजे ३६ टक्के. हे आकडे समोर आले की पुण्यात लगेच "गाय संपत चालली" सुरू होतं. पण संख्येनं गोवंश वाढलाच आहे, फक्त जवळपास सत्तर वर्षांत जेमतेम पावपट. तेवढ्या काळात म्हशी ४.३ कोटींच्या ११ कोटी झाल्या, शेळ्या ४.७ कोटींच्या जवळपास १५ कोटी. शेळी पाच महिन्यांत विते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं देते, बऱ्याचदा जुळी. देशी कालवड पहिल्यांदा विण्यालाच साडेतीन-चार वर्षं घेते. शर्यत बरोबरीची नाहीच.

खरी घट बैलांत आहे. २०१२ ते २०१९ मध्ये नर ६.७९ कोटींवरून ४.७४ कोटींवर आले आणि माद्या १२.३ वरून १४.५ कोटींवर गेल्या. नांगरट ट्रॅक्टरवर गेली. उरलं काय, तर कोळपणी, पेरणी आणि थोडी ओढकामं. एवढ्यासाठी जोडी बारा महिने दावणीला कोण ठेवेल?

दावणीवरून
असहमत. देशाचा आकडा पुढे करून महाराष्ट्र झाकू नका. २०१२ ते २०१९ मध्ये देशातला गोवंशाचा वाटा साधारण १.३ टक्क्यांनी उतरला. आपल्या राज्यात तो पावणेअठ्ठेचाळीसवरून सव्वाबेचाळीसवर आला. गोवंश १५४.८ लाखांवरून १३९.९ लाखांवर. मध्ये काय झालं? ४ मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. भाकड गाईला किंवा थकलेल्या बैलाला बाजारात जी शेवटची किंमत मिळायची, तिच्यावर नवी कालवड घेतली जायची. ती साखळी तुटली. भाकड जनावराला रोज पाच-सहा किलो कडबा आणि दहा किलो हिरवा चारा लागतो, बदल्यात हातात शेण. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. शेतकरी हिशेब करूनच वागतो.

गव्हाण
@दावणीवरून, मग त्या हिशेबानं म्हशी वाढायला हव्या होत्या. राज्यात २०१२ ला ५५.९ लाख, २०१९ ला ५६ लाख. जागच्या जागी. वाढल्या त्या शेळ्या, ८४ लाखांवरून १०६ लाखांवर. त्याच काळात मराठवाड्यात लागोपाठ दुष्काळ पडले, चारा छावण्या लागल्या. पाण्याअभावी मोठं जनावर आधी दावणीवरून जातं, शेळी बोरी-बाभळीवर तग धरते. शिवाय देशातला वाटा १९७२ ला साडेपन्नास, १९९२ ला साडेत्रेचाळीस आणि २००३ ला ३८ टक्के होता. मोठी घसरण कायद्याच्या आधीच होऊन गेली होती.

दावणीवरून
देशाची जुनी घसरण कोण नाकारतंय? मी राज्याच्या सात वर्षांबद्दल बोलतोय. दुष्काळात विकलेली जनावरं पाऊस झाल्यावर पुन्हा घेतली जायची. आता घेताना पहिला प्रश्न असतो, पुढे विकायची कुणाला?

म्हैसवाले
म्हशी का वाढल्या नाहीत ते कायद्यात शोधू नका, गोठ्यात शोधा. उन्हाळ्यात म्हशीला मुका माज (गाभण राहण्याची वेळ) येतो, ना ओरडत, ना उड्या मारत. तो हुकला की एकवीस दिवस गेले, असे दोन-तीन हुकले की दोन वेतांतलं अंतर पंधरा-सोळा महिन्यांवर जातं. खुराकही जास्त: गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५००. सहा फॅटचा दर दिसायला गोड असतो, पण म्हैस आटल्यावर महिनोन्महिने दुधाचा पगार नसतो. म्हणून पुणे जिल्ह्यात ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घनपदार्थ) देणारी संकरित गाय टिकून आहे. उरुळी कांचनच्या बायफ या १९६७ ला सुरू झालेल्या संस्थेनं संकरीकरणाचं काम केलं, त्याचा परिणाम आजच्या गोठ्यांत दिसतो.

आकडेमोड्या
मुंडकी मोजून वाटा काढणंच चूक आहे. एक शेळी म्हणजे एक गाय का? पाच शेळ्या-मेंढ्यांचं एक मोठं जनावर धरा आणि डुकरं वगळा. १९५१ ला गोवंश १५.५, म्हशी ४.३, शेळ्या-मेंढ्या ८.६ कोटी भागिले पाच; गोवंश ७२ टक्के येतो. २०१९ ला हाच हिशेब ५५ टक्के. घट उरतेच, पण चित्र बदलतं: मोठ्या जनावरांत अजूनही गोवंशच निम्म्याहून जास्त. त्यात देशी गाय अडीचशे-तीनशे किलोची आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित चारशेच्या पुढे. म्हणजे गोवंशाचा चारा आणि पाण्यावरचा भार मुंडक्यांतल्या वाट्याइतका कमी झालेला नाही.

गव्हाण
हे मान्य. म्हैस गाईहून जड धरली तर मात्र तुमचा पंचावन्नचा आकडाही खाली येईल.

शर्यतवाला
बैल संपला म्हणणाऱ्यांनी चाकणच्या बाजारात खिल्लार खोंडाचा भाव विचारावा. डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली, मे २०२३ ला शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम राहिला. जुन्नर-आंबेगावात लोक पुन्हा वासरं जोपासतात.

कांडीवाला
@शर्यतवाला, शर्यतीच्या बैलांनी गणनेचा आकडा हलत नाही राव. संकरित गोऱ्हा शर्यतीत कोण पळवणार? खांदा बसका, ऊन सोसत नाही. तीस किलोचं वासरू रोज तीन लिटर दूध पितं. लिटरला तीस रुपये धरले तरी नव्वद रुपये रोज, आणि पुढे गिऱ्हाईक नाही. म्हणून त्याला पोटभर पाजत नाहीत, हगवणीनं मरतो, कुणी लिहून ठेवत नाही.

आता लिंगविनिश्चित रेतमात्रेमुळे (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) साधारण नव्वद टक्के कालवडी होतात, म्हणजे नर जन्मालाच येणार नाही. पण त्या कांडीत (वीर्याच्या गोठवलेल्या नळीत) शुक्राणू वीस लाखांच्या आसपास, साध्या कांडीत दोन कोटी. चुकीला जागा नाही. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, थर्मामीटर लावून. नळाच्या पाण्यात किंवा खिशात वितळवली की गाय उलटलीच, म्हणजे गाभण राहत नाही. नायट्रोजनच्या कंटेनरच्या तोंडाशी कांड्यांचा डबा धरून गप्पा मारणारेही कमी नाहीत. आठ-दहा सेकंदांत डबा परत नायट्रोजनमध्ये गेला पाहिजे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, आणि उलटणाऱ्या गाईला ही कांडी वापरूच नका, पहिलारू कालवडीला वापरा.

दावणीवरून
कालवडी वाढतील, ठीक. पाच वेतांनंतर त्याही भाकड होणार. तेव्हा त्या कुणाच्या दावणीला, ते या धाग्यावर अजून कुणी सांगितलेलं नाही.