दातेरी चाके नुसती शोभेची की कामाची? स्टीमपंक गेमविषयी एक शंका

धुरांडे :
गेल्या काही महिन्यांत स्टीमपंक, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या यंत्रांवर उभे असलेले कल्पित जग, म्हणवणारे बरेच व्हिडिओ गेम मी खेळून पाहिले आणि एक शंका मनात घर करून बसली आहे. पितळी नळ्या, दातेरी चाके, हवाई जहाजे, उंच टोपी घातलेले गृहस्थ आणि दिव्यांचा पिवळट उजेड ही सामग्री जवळजवळ प्रत्येक गेममध्ये असते. पण ती चाके नेमके काय फिरवतात, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. २०१५ सालचा 'द ऑर्डर : १८८६' हे याचे ठळक उदाहरण. त्यातील लंडन इतक्या निगुतीने रंगवले आहे की कोटाच्या कापडाची वीणसुद्धा डोळ्यांत भरते आणि मी कित्येकदा बंदूक खाली ठेवून नुसता पाहत उभा राहिलो. परंतु खेळताना करायचे काय, तर भिंतीआड लपायचे आणि नेम धरायचा. तेच लंडन आजचे असते तरी हाताला फरक जाणवला नसता.

वाफ काढून टाकली तर गेमच उरणार नाही, असे काही आहे का? प्रकार कोणताही चालेल, फक्त तो संगणकावर खेळता यावा.

रात्रपाळी :
आपल्या अटीत चपखल बसणारा गेम म्हणजे पोलंडमधील '११ बिट स्टुडिओज' या संस्थेचा 'फ्रॉस्टपंक' (२०१८). काळ तोच, १८८६. पण जग गोठले आहे आणि लंडन सोडून उत्तरेकडे गेलेले काही लोक एका विवरात, एका प्रचंड जनित्राभोवती वस्ती करतात. घरे रांगेत नव्हे, तर जनित्राभोवती वर्तुळांत बांधावी लागतात, कारण ऊब मध्यापासून बाहेर पसरते आणि दूरच्या घरांना ती पुरवायची तर वाफेची वेगळी केंद्रे उभारून त्यांनाही कोळसा घालावा लागतो. म्हणजे शहराचा आकारच उष्णतेने ठरवलेला असतो. दिसणे आणि चालणे यांत येथे फट राहत नाही.

मला मात्र त्यातील कायद्यांचे पुस्तक अधिक महत्त्वाचे वाटते. कोळसा कमी पडला की दहा तासांची पाळी चौदा तासांची करता येते, गरज पडली तर सलग चोवीस तासांची आणीबाणीची पाळी लावता येते आणि मुलांनाही कामाला जुंपता येते. मी पहिल्या खेपेस मुलांना कामाला लावणार नाही असे ठरवले होते. तो निश्चय फार दिवस टिकला नाही.

बॉयलरघर :
मी साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात सतरा गळीत हंगाम काढले आहेत, त्यामुळे थोडे खुसपट काढतो. राग मानू नये. या गेममध्ये कोळसा सर्वत्र दिसतो, पाणी मात्र कोणालाच आठवत नाही. वाफ म्हणजे शेवटी पाणीच. आमच्याकडे बगॅस, म्हणजे जळणाचा उसाचा चोथा, कमी पडला तर दाब उतरतो, एवढेच. पण बॉयलरमधील पाण्याची पातळी खाली गेली तर नळ्या जळतात, प्रसंगी माणसे जातात. म्हणून पाळीवर आल्याबरोबर पहिली नजर पातळी दाखवणाऱ्या काचेकडे जाते. 'फ्रॉस्टपंक'मध्ये कोळसा, लाकूड, पोलाद आणि अन्न यांचा हिशेब ठेवावा लागतो. पाण्याचा रकाना नाही. सभोवती बर्फच असल्यामुळे ते क्षम्य मानता येईल.

गंमत अशी की वाफेची खरी शिस्त मला कारखाना उभारण्याच्या 'फॅक्टोरिओ' या गेममध्ये आढळली, ज्याला कोणी स्टीमपंक म्हणत नाही. तेथे आधी पाण्याशी पंप बसवावा लागतो, मग बॉयलर, आणि एका बॉयलरमागे दोन वाफेची इंजिने हे प्रमाण सांभाळावे लागते. त्यात पितळेची झळाळी नाही, फक्त गंज आणि धूर आहे. बॉयलरघर असेच दिसते.

जुनी_सीडी :
नव्या गेमच्या चर्चेत अंधारात लपूनछपून चोरी करण्याचा 'थीफ २ : द मेटल एज' (२०००) विसरला जाऊ नये. त्यात मेकॅनिस्ट नावाच्या पंथाने बनवलेले यंत्रमानव पहारा देतात. त्यांच्यावर तलवार चालवून उपयोग नसतो, पण पोटात भट्टी असल्यामुळे तिच्यावर पाण्याचा बाण मारला की आग विझते आणि धूड जागीच थांबते. पाण्याचे हेच बाण एरवी मशाली विझवून अंधार करण्यासाठी वापरले जातात, म्हणजे नियम एकच. बॉयलरघर यांना येथे तरी पाणी सापडेल.

दुसरे नाव 'आर्केनम' (२००१). त्यात जादू आणि यंत्र यांचे वैर आहे, कारण जादू निसर्गनियम वाकवते आणि यंत्र त्याच नियमांवर उभे असते. आपले पात्र यंत्रविद्येत जितके मुरलेले, तितका मंत्रोपचार त्याला कमी लागू पडतो. उलट जादूत फार पुढे गेलेल्याला आगगाडीत चढण्यास मज्जाव होतो. लढाईची व्यवस्था भिकार आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

'डिसऑनर्ड' (२०१२) वाफेवर चालत नाही, व्हेलच्या तेलावर चालतो, तरीही मी त्याला या पंक्तीत बसवीन. डनवॉल शहरातील प्रकाशाच्या घातक भिंतीलासुद्धा तेलाची टाकी लागते. ती टाकी काढून घेतली की भिंत विझते, तारा बदलल्या की ती पहारेकऱ्यांनाच जाळते आणि टाकीवर गोळी लागली तर स्फोट होतो. इंधन कोठून येते हे ज्याला कळले, त्याला रस्ता सापडतो.

पैलतीर :
'द ऑर्डर'विषयी थोडे वेगळे मत मांडते; पुढे कथेचा काही भाग उघड होतो. खेळ म्हणून तो उथळ आहे, हे मान्य. पण वाफेच्या त्या झगमगाटाचा पैसा कोठून आला, हे विचारण्याचे धाडस थोडेच गेम करतात आणि याने ते निदान अर्धवट तरी केले आहे. त्यात 'युनायटेड इंडिया कंपनी' आहे, तिचे भव्य हवाई जहाज आहे आणि तिच्याविरुद्ध बंड करणाऱ्यांची नायिका म्हणून चक्क झाशीची राणी लक्ष्मीबाई येते. १८५८ साली ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडलेली राणी १८८६ च्या लंडनमध्ये जिवंत पाहून मी खुर्चीतच सावरून बसले. इतिहासाची ही मोडतोड मला खटकली नाही. खटकले ते हे, की एवढी मोठी व्यक्तिरेखा आणून तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग दिले.

धुरांडे :
सर्वांचे आभार. पैलतीर यांचे म्हणणे पटले. मी कापडाची वीण पाहत राहिलो आणि कंपनीकडे दुर्लक्ष केले. 'फ्रॉस्टपंक' सुट्टीत खेळेन, तूर्त 'थीफ २' घेतला आहे. मात्र एका यंत्रमानवाच्या थेट छातीवर पाण्याचा बाण मारला, तरी तो चालत आला आणि त्याने मला ठार केले. माझे काय चुकले?

जुनी_सीडी :
भट्टीचे तोंड त्याच्या पाठीला आहे. तो वळेपर्यंत अंधारात थांबावे आणि मग मागून बाण मारावा.